सार्वमताचा निकाल पाळायलाच पाहिजे का? चहाच्या गाडीवर भांडण झालंय

धुळेकर_अभ्यासिका

मी धुळ्यात एमपीएससीचा अभ्यास करतो. काल रात्री अभ्यासिकेच्या खाली चहाच्या गाडीवर ब्रेक्झिटवरून, म्हणजे ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं त्यावरून, दोघा मित्रांची अशी जुंपली की चहावाला म्हणे तुमचं इंग्लंड आटपा, मला गाडी बंद करायची आहे.

एक म्हणतो, २३ जून २०१६ ला मतदान झालं, ५१.९ टक्के लोक म्हणाले युरोपियन युनियन सोडा, ४८.१ म्हणाले राहा, विषय संपला, पुढे साडेतीन वर्षं खासदारांनी जो घोळ घातला ती लोकांची फसवणूक. दुसरा म्हणतो कायद्याने ते सार्वमत फक्त सल्ल्यापुरतं होतं, संसद सार्वभौम आहे, आणि बाहेर पडायची डील काय ते लोकांना कळल्यावर परत विचारायला काय हरकत होती? आपल्याकडे तर घटनेत देशपातळीवरच्या सार्वमताची तरतूदच नाही त्यामुळे दोघांनाही स्वतःचा अनुभव शून्य, आवाज मात्र फुल्ल. मला खरंच ठरवता येईना. जाणकारांनी सांगा.

केळीवाला_रावेर

भो, तुझा पहिला मित्र बरोबर आहे. सल्ल्यापुरतं होतं हे मतदानानंतर आठवलं का? मतदानाच्या आधी त्यांच्या सरकारने घरोघरी पत्रक वाटलं होतं, त्यात लिहिलेलं की निर्णय तुमचा, तुम्ही ठरवाल ते सरकार करेल. मग झालं ना.

आमच्याकडे केळीचा बोर्डभाव जाहीर होतो. सकाळी मोबाईलवर आकडा येतो, माणूस खूश. मग कापणीला व्यापाऱ्याचा माणूस येतो, घड उलटापालटा करतो, नाक मुरडतो आणि म्हणतो बोर्डाचं राहू द्या काका, आपला भाव एवढा. आता घड काय थांबतो का तुमच्यासाठी, दोन दिवसांत पिकायला लागतो, गपगुमान द्यावा लागतो. मागच्या सालीच एकाने मला असं गंडवलं. तेव्हा वाटतं की पाळायचाच नाही तर तो बोर्ड लावता कशाला? त्या १ कोटी ७४ लाख लोकांना असंच वाटलं असणार.

अमळनेरकर_सध्या_लेस्टर

केळीवाले भाऊ, राम राम. तुमच्या बोर्डावर निदान आकडा असतो हो, आमच्या मतपत्रिकेवर नव्हता.

मी त्या दिवशी मत दिलंय. हो, भारतीय पासपोर्टवर, कारण इथे इंग्लंडात राहणाऱ्या कॉमनवेल्थ (ब्रिटिशांच्या जुन्या वसाहतींचा गट) देशांच्या नागरिकांना मत होतं. आणि माझ्या शेजारची पोलिश बाई, जिची पोरं इथेच शाळेत, तिला मत नव्हतं. ती सकाळी कुंपणापाशी उभी राहून मला म्हणाली जा बाबा, माझं पण तूच ठरवून ये. मला बुथवर जाताना लय ऑकवर्ड झालं. हे जरा अवांतर.

मुद्दा असा की कागदावर दोनच गोष्टी होत्या, राहा किंवा सोडा. सोडून जायचं कुठे हे कुणीच विचारलं नाही. नॉर्वेसारखं युनियनबाहेर पण त्यांच्या सामाईक बाजारात राहून की सगळंच तोडून? ब्रिटनमधलं उत्तर आयर्लंड आणि युनियनमधलं आयर्लंड यांच्या सीमेचं काय? सोडा म्हणणाऱ्यांत सगळ्या प्रकारचे लोक होते. खासदारांनी निकाल पाळला नाही असंही नाही, फेब्रुवारी २०१७ मध्ये बाहेर पडायची नोटीस द्यायच्या विधेयकावर ४९८ विरुद्ध ११४ असं मतदान केलं त्यांनी. अडलं ते पुढे. जानेवारी २०१९ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे बाईंची डील ४३२ विरुद्ध २०२ ने आपटली. मार्चमध्ये ८ पर्याय एकाच संध्याकाळी मताला टाकले आणि एकालाही बहुमत नाही! मी टीव्हीसमोर खिचडी खात बघत होतो, बायको म्हणाली यांच्यापेक्षा आपली ग्रामसभा बरी.

तापीकाठची

ग्रामसभेचं नाव निघालं म्हणून लिहिते, नाहीतर मी नुसती वाचते.

आमच्या गावात सार्वमत झालेलं आहे. आडवी बाटली उभी बाटली. दारूचं दुकान बंद करायचं तर आडव्या बाटलीवर शिक्का, चालू ठेवायचं तर उभीवर. आधी गावातल्या २५ टक्के बायांच्या सह्या लागतात, त्या गोळा करताना माझ्या चपला झिजल्या. मतदानाच्या दिवशी लुगड्यातल्या म्हाताऱ्या दंडाला धरून आणल्या. मोजणी झाली तर आडव्या बाटलीचा गठ्ठा हा एवढा आणि उभीची चार कागदं. आम्ही गुलाल आणायला पोरगं पाठवलं. तेवढ्यात साहेब म्हणाले, ताई, तुम्ही हरल्या.

कारण टाकलेल्या मतांच्या निम्मे चालत नाही, यादीत जेवढ्या बाया त्यांच्या निम्म्यापेक्षा जास्त लागतात. आणि यादीत कोण? लग्न होऊन गेलेल्या पोरी, सुरतला कामाला गेलेल्या, दोन तर वारलेल्या. न आलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीची झाली.

म्हणून मला इंग्लंडचं नवल वाटतं. तिथे एकूण मतदारांच्या हिशेबाने बघितलं तर ३७ टक्केच लोक सोडा म्हणाले, आणि एवढा मोठा देश हलवला. आमचं एक दुकान हलेना.

एमएच१९_वाला

ताई, तुमच्यासारखंच स्कॉटलंडचं झालेलं. १९७९ ला त्यांना स्वतःची विधानसभा पाहिजे का असं विचारलं, ५१.६ टक्के हो म्हणाले, पण अट होती की एकूण मतदारांच्या ४० टक्के हो पाहिजेत, ते भरले ३३ च्या आसपास. बसले घरी. मग १९९७ ला परत विचारलं तेव्हा मिळाली.

आणि स्वीडनचं तर ऐका, १९५५ ला गाडी डावीकडून चालवायची की उजवीकडून असं सार्वमत, ८३ टक्के म्हणाले डावीकडूनच. संसदेने ८ वर्षांनी उजवीकडून ठरवलं आणि १९६७ मध्ये एका पहाटे अख्खा देश उजवीकडे. कुणी सरकार पाडलं नाही. गाडी कुठून चालवायची यावर लोक एवढे जीव देत नाहीत म्हणा, आमच्या जळगावात तर दोन्हीकडून चालवतात.

नाना_निवृत्त_मास्तर

पोरांनो, लांब कशाला जाता. गोव्याचा जनमत कौल कुणी काढलाच नाही. १६ जानेवारी १९६७. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर विलीनीकरणाचे कट्टर, त्यांचा पक्षच त्यासाठी निघालेला. मतदान निष्पक्ष व्हावं म्हणून त्यांचं सरकार आधी पायउतार झालं. निकाल काय, ३४,०२१ मतांनी विलीनीकरण हरलं. आमच्या वडिलांना लय लागलं होतं ते, दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

पण मग? बांदोडकरांनी निवडणूक लढवली आणि त्याच गोव्याने त्यांना परत मुख्यमंत्री केलं. विलीनीकरण मात्र झालं नाही ते नाहीच. आणि त्या मतपत्रिकेवर स्वतंत्र राज्य हा पर्यायच नव्हता, तो गोव्याला मिळाला ३० मे १९८७ ला. तेव्हा आधी निकाल पाळला, मग वीस वर्षांनी पुढचं पाऊल.

केळीवाला_रावेर

नाना, बरोबर. तापीकाठची ताई, राग मानू नका पण मग तुम्ही आता काय करणार? परत सह्या गोळा करणार असाल तर ते पण दुसरं सार्वमतच झालं की. आयर्लंडने २००८ ला युरोपियन युनियनचा लिस्बन करार नाकारला तर २००९ ला परत मतदान घेऊन हो म्हणवून घेतलं, तसलंच.

तापीकाठची

हाव, घेतल्यात गोळा करायला. पण भाऊ, आमचा निकाल पाळला गेलाय ना. दुकान एक दिवस बंद नव्हतं, संध्याकाळी मी भाजी घेऊन त्याच्यासमोरूनच येते, रोज बघते. निकाल भोगून झाल्यावर परत मागतेय. भोगायच्या आधीच परत विचारा म्हणणं वेगळं.

अमळनेरकर_सध्या_लेस्टर

ताई, दुकान परत उघडता येतं आणि बंदही करता येतं. ३१ जानेवारी २०२० ला आम्ही बाहेर पडलो, आता परत आत जायचं तर रांगेत शेवटी उभं राहावं लागेल, जुन्या सवलती मिळणार नाहीत. ज्या दारातून परत येता येत नाही त्या दारापाशी दोनदा विचारलं तर चुकलं काय?

धुळेकर_अभ्यासिका

आत्ता हे सगळं त्या दोघांना वाचून दाखवलं. पहिला म्हणतो ताईंनी माझंच म्हणणं सांगितलं. दुसरा पण तेच म्हणतो. चहावाल्याने आज गाडी लवकर बंद केली.

ताई, सह्यांचा अर्ज नक्की कुणाकडे द्यायचा असतो? माझ्या आजोळी लोक विचारतायत.

तापीकाठची

कलेक्टर ऑफिसात आणि उत्पादन शुल्कवाल्यांकडे. पोच घ्यायला विसरू नको. आणि आधी यादी हातात घे, वारलेल्यांची आणि सासरी गेलेल्यांची नावं कमी करून घे, मग सह्यांच्या मागे लाग. आम्ही उलटं केलं होतं.