मदत हवी आहे: जुन्या ब्रोचची पाखरं लाकडावर पक्की कशी बसवावीत?

दोन चित्रांच्या मधल्या रिकाम्या वेळात जुने ब्रोच, जोडी हरवलेली कानातली आणि तुटक्या माळा जोडून मी पाखरं, बेडूक, वेडीवाकडी झाडं करते. सगळे दागिने खोटेच आहेत, सोनं-चांदी तपासून आधीच बाजूला काढलंय. हे तुकडे ॲक्रिलिकने रंगवलेल्या लाकडी फळीवर बसवून घरातच भिंतीला टांगायचे आहेत.

हलके तुकडे नीट बसतात, जड ब्रोच त्रास देतात. ग्लू गनचा गोंद गुळगुळीत धातूवरून सालीसारखा निघतो. सुपरग्लूच्या वाफेने खड्यांभोवती पांढरट धूसरपणा येतो, धक्का लागला की सांधाही सुटतो. सोल्डरिंग (वितळवलेल्या धातूने डाग देऊन जोडणं) नकोच, कारण खड्यांमागे चंदेरी वर्ख आहे आणि तो उष्णतेने जातो. जिथे कडी आहे तिथे फळीला भोक पाडून तार ओवते, ते उत्तम टिकतं. पण बऱ्याच ब्रोचना मागे ना कडी ना पिन.

आता दोन भागांचा इपॉक्सी, म्हणजे दोन घटक एकत्र करून लावायचा गोंद, वापरायचा विचार आहे. धातूची मागची बाजू सँडपेपरने घासायची तयारी आहे, पण दर्शनी बाजूचा जुनेपणा जाता कामा नये.

रंगवलेल्या लाकडावर इपॉक्सी थेट लावला तर रंगाच्या थरासकट तुकडा सुटून येईल का? तेवढ्या जागेचा रंग आधी खरवडून काढावा का?