विनोदी चित्रपटाच्या ट्रेलरने पेच सांगावा की हशे दाखवावेत?

धागाकर्ता:
दोन-अडीच मिनिटांच्या ट्रेलरमध्ये चित्रपटातले सगळे हुकमी विनोद ओतून टाकण्याची पद्धत विनोदी चित्रपटांच्याच मुळावर येते, असे माझे मत आहे. रहस्यपटाचा ट्रेलर खुनी कोण हे लपवतो. विनोदाचा शेवटही तितकाच जपण्याजोगा असतो. २०१४ चा ‘पोश्टर बॉईज’ घ्या. तिघा सामान्य माणसांचे छायाचित्र त्यांच्या नकळत नसबंदीच्या जाहिरातीवर झळकते, एवढे कळले की पुढे घरात आणि गावात काय गोंधळ होईल, हे प्रेक्षक स्वतःच रंगवू लागतो. असा एका वाक्यात मावणारा पेच हाताशी असताना ट्रेलरने तिथेच थांबावे.

प्रतिसाद १:
असहमत. ऐकलेल्या विनोदावर पुन्हा हसू येत नसते, तर १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ आजही घरोघरी पाहिला गेला नसता. ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ हा प्रश्न येणार हे ज्याला पाठ आहे, तोच त्यावर सर्वांत मोठ्याने हसतो. शिवाय चौघांचे कुटुंब तिकिटे आणि मध्यंतरातले खाणे यांवर बराच खर्च करते, तेव्हा आपण खरोखर हसणार आहोत, याची खात्री त्याला आधी हवी असते. पेच उत्तम असूनही संवाद पडलेले चित्रपट आपण सर्वांनीच सोसले आहेत. कलाकारांचे टायमिंग पाहिल्याशिवाय कळत नाही.

धागाकर्ता:
‘बनवाबनवी’चा दाखला मला माझ्याच बाजूचा वाटतो. भाड्याच्या घरासाठी दोघांनी बायकांचे सोंग घेतले आहे, हे आपल्याला ठाऊक असते आणि घरमालकिणीला नसते, म्हणून साधे वाक्यही हसवते. पाठांतराचा आनंद त्यानंतरचा. टायमिंगचा मुद्दा मात्र रास्त आहे, पण ट्रेलर नेमके तेच मारतो. विनोदी वाक्यानंतर समोरच्याच्या चेहऱ्यावर जो क्षणभर थांबा लागतो, तो संकलनात कापला जातो आणि त्या जागी ढोलाचा दणका येतो. दहा तुकड्यांऐवजी अर्ध्या मिनिटाचा एकच प्रसंग अखंड दाखवला, तर कलाकारांचा कस अधिक प्रामाणिकपणे कळेल.

प्रतिसाद २:
आपण दोघेही विनोद म्हणजे पेच किंवा पंच (हशा पिकवणारे नेमके वाक्य) असे धरून चालला आहात. २०२१ च्या ‘झिम्मा’मध्ये वेगवेगळ्या वयांच्या सात बायका इंग्लंडच्या सहलीला जातात. तिथे लपवावे असे मोठे गुपित नाही आणि गोंधळही मोजकाच आहे. अशा चित्रपटाच्या ट्रेलरने या बायका कोण आहेत, त्यांचे आपसांत कसे जुळते आणि कुठे खटके उडतात, एवढेच दाखवावे. त्यांतल्या एकीत आपली आई किंवा आत्या दिसली, की तिलाच सोबत घेऊन आपण चित्रपटगृहात जातो.

प्रतिसाद १:
अखंड प्रसंगाची सूचना मला मान्य आहे, मात्र तो पूर्वार्धातला असावा. ‘झिम्मा’बद्दल एवढेच म्हणेन की त्या सात जणींची ओळखसुद्धा हशाशिवाय करून देता येणार नाही, दोन-तीन चांगले विनोद तिथेही खर्ची घालावेच लागतील.