मदत हवी आहे: मधुमेहासह गाऊट असताना एसीटीएचचे इंजेक्शन

माझ्या वडिलांना बऱ्याच वर्षांपासून गाऊट (युरिक अॅसिडच्या म्हणजे युरेटच्या स्फटिकांमुळे होणारा संधिवात) आहे आणि जोडीला मधुमेह. क्रिएटिनिन वाढलेले, म्हणजे मूत्रपिंडाचे काम मंदावलेले, असल्यामुळे वेदनाशामक गोळ्या बंद आहेत, गाऊटवरचे कोल्चिसिनही अगदी जपून द्यावे लागते. त्यामुळे अंगठ्याचा सांधा लालबुंद होऊन सुजला, चादरीचा स्पर्शही सोसवेनासा झाला, की प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडवाचून पर्याय उरत नाही. त्याने दुखणे थांबते, पण दुपारच्या जेवणानंतरची साखर तीनशेच्या पुढे जाते आणि इन्सुलिन वाढवावे लागते. युरिक अॅसिड कमी करणारी फेबुक्सोस्टॅट नियमित सुरू आहे, तेव्हा प्रश्न फक्त अचानक उठणाऱ्या दाहाचा आहे.

अशा रुग्णांमध्ये काही डॉक्टर एसीटीएचचे इंजेक्शन वापरतात, असे वाचले. पिट्युटरीतून येणारे हे संप्रेरक अॅड्रिनल ग्रंथीकडून कॉर्टिसॉल तयार करवून घेते, म्हणून त्याचा गुण हा स्टेरॉइडचाच गुण, असे मी धरून चाललो होतो. परंतु २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, अॅड्रिनल ग्रंथी काढून टाकलेल्या उंदरांच्या सांध्यांतही, युरेटच्या स्फटिकांनी उठलेला दाह एसीटीएचने कमी झाला. मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींवरील एमसी३ या मेलॅनोकॉर्टिन ग्राहीवर ते थेट काम करते, असा त्याचा अर्थ लावला गेला. एसीटीएचच्या ३९ अमिनो आम्लांपैकी पहिल्या १३ आम्लांचे अल्फा-एमएसएच हे दुसरे संप्रेरक बनते. तेही याच ग्राहींच्या कुळाला जुळते, मात्र कॉर्टिसॉल बनवून घेणाऱ्या एमसी२ला जुळत नाही. हे वाचून मला फार आशा वाटली.

जाणकारांना, विशेषतः संधिवाततज्ज्ञांना, विचारायचे आहे ते असे, की प्रत्यक्ष माणसाला इंजेक्शन दिल्यावर कॉर्टिसॉल वाढणारच असेल, तर मधुमेही रुग्णाची साखर प्रेडनिसोलोनच्या तुलनेत कितपत चढते? एकाच इंजेक्शनाने भागते, की दुसऱ्या दिवशी पुन्हा द्यावे लागते? तसेच पोटॅशियम आणि रक्तदाब यांवर किती लक्ष ठेवावे लागते?

माझ्या चुलतभावाने अल्फा-एमएसएचच्या शेवटच्या तीन अमिनो आम्लांपासून बनवलेल्या केपीव्हीच्या पावडरीची बाटली ऑनलाइन मागवण्याचे सुचवले आहे. तिच्यावर केवळ संशोधनासाठी असे छापलेले असते, त्यामुळे ती वडिलांना टोचण्याचा प्रश्नच येत नाही. कृपया तसा सल्ला देऊ नये. आमच्या डॉक्टरांकडे हा विषय काढताना कोणते रिपोर्ट सोबत न्यावेत, एवढे कळले तरी फार मदत होईल.