होंडा एटीसी २०० (१९८२): चोक काढला की बंद पडते, आणि डावीकडे ओढते

सातारकर_मिशिगन:
मंडळी, इथे एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये कित्येक वर्षं उभी असलेली तीनचाकी (रिक्षा नव्हे, बाईकसारखी बसून कच्च्या रस्त्यावर चालवायची) घेतली. दोरीच्या तिसऱ्या-चौथ्या झटक्याला चालू होते, पण चोक (सुरू करताना हवा कमी करणारी झडप) काढला की लगेच मरते. शिवाय सपाट जागेवर पण डावीकडे ओढते, हँडल धरून धरून हात भरून येतात. ऑनलाइन नवा कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) स्वस्तात मिळतोय, टाकू का? आणि उलटायची भीती वाटते म्हणून मागे स्पेसर (चाकामागे बसवायची जाड चकती) टाकून चाकं थोडी बाहेर सरकवावीत का?

जुनंलोखंड:
अहो जुना कार्ब फेकू नका!! अमेरिकेत सरकार आणि कंपन्यांमधल्या १९८८ च्या करारानंतर नव्या तीनचाकी विकायच्याच थांबल्या, त्यामुळे ओरिजिनल पितळी जेट म्हणजे ठेवाच. चोकवर चालते म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, पायलट जेटचं (कमी वेगात पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीचं) भोक केसाएवढं असतं, उजेडाकडे धरून आरपार दिसेपर्यंत साफ करा. तरी तसंच झालं तर इंजिन आयडलवर (रेस न देता) ठेवून कार्ब आणि इंजिनच्या हेडच्या मधल्या जोडावर थोडा कार्ब क्लीनर मारा, आवाज बदलला की तिथून हवा शिरतेय. आणि आधी टाकीत टॉर्च मारून बघा, आत गंज असेल तर आठवड्यात परत तेच.

वाळूतला_गडी:
भावा, ओढण्याचं कारण टायरमध्ये बघ. मागे डिफरन्शियल (दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) नाही, एकच अखंड अ‍ॅक्सल, दोन्ही चाकं बरोबरच फिरतात, म्हणून ज्या बाजूचा टायर लहान तिकडे गाडी वळते. दोन्हींचा घेर टेपने मोज. हवा ३ पीएसआयच्या आतच असते, पेट्रोल पंपावरच्या गेजला ते कळत नाही, कमी दाबाचा वेगळा गेज घे.
स्पेसरने गाडी स्थिर होते खरी पण बेअरिंगवर ताण वाढतो, आधी चाक धरून हलवून बघ, खडखड असेल तर बेअरिंग बदल. आणि वळताना वजन बाहेरच्या फूटपेगवर टाक म्हणजे आतलं चाक हलकं होऊन घसरतं. पाय जमिनीला कधीच टेकवू नकोस, मागचं चाक पायावरून जातं, बाईक चालवणाऱ्यांची ही सवय मोडायला वेळ लागतो.

सातारकर_मिशिगन:
घेर मोजला, डावा जवळजवळ ३ सेंमी कमी! टायर पण दोन वेगळ्या कंपन्यांचे निघाले. जोडीच मागवलीय. जेट उघडला तर हिरवा चिकट थर होता, साफ करून लावला, आता चोक काढून दहा मिनिटं चालली. स्पेसर नंतर बघू, डाव्या बाजूला खडखड आहेच.