स्पॅनिशमधलं 'गुस्तार' (आवडणे) पक्कं कसं करावं?

केतकी_प: स्पॅनिश ए१ची (पहिल्या पायरीची) तयारी चालू आहे. आवडीनिवडी सांगताना 'गुस्ता' कुठे आणि 'गुस्तान' कुठे, यात गोंधळ होतो. शिवाय 'मी'ला 'यो' म्हणतात, तर 'यो गुस्तो' का चालत नाही? सराव कसा करू?

दुपारचा_चहा: इंग्रजी मधे आणूच नका, थेट मराठीवरून जा. 'मला आंबा आवडतो', 'मला आंबे आवडतात': क्रियापद आंब्याप्रमाणे बदललं ना? तसंच इथे. मे गुस्ता एल मांगो, मे गुस्तान लोस मांगोस. मे म्हणजे मला, ते तुला, ले त्याला किंवा तिला, नोस आम्हाला, लेस त्यांना. 'ओस' (तुम्हा सगळ्यांना) मुख्यतः स्पेनमध्ये लागतं. लिंगाप्रमाणे रूप बदलत नाही, तेवढं आपल्यापेक्षा सोपं. कृती कितीही असल्या तरी एकवचनच: मे गुस्ता कांतार ई बायलार (मला गायला आणि नाचायला आवडतं). 'गुस्तो' हे रूप आहे, पण 'ते गुस्तो?' म्हणजे 'मी तुला आवडतो का?'

सारंग७: वरचं बरोबर, पण मराठी माणूस नेमका अडतो तो पुढे. आपल्याकडे नामाआधी लागणारी, इंग्रजी 'द'सारखी 'एल', 'ला' ही उपपदं नाहीत, म्हणून 'मे गुस्ता काफे' असं तोंडात येतं. ते चूक, 'मे गुस्ता एल काफे' हवं. दुसरं, 'हुआनला चहा आवडतो' यात आपलं काम 'ला'वर भागतं. स्पॅनिशमध्ये 'आ हुआन' म्हटलं तरी 'ले' लागतंच: आ हुआन ले गुस्ता एल ते. सर्वांत जास्त गळतं ते हे 'ले'. 'मलाही' म्हणायला 'आ मी ताम्बियेन', नकारात 'आ मी ताम्पोको'. 'यो ताम्बियेन' नाही. आणि 'खूप'साठी मूचो, 'मुई' नव्हे.

केतकी_प: आभारी आहे! भूतकाळात काय?

दुपारचा_चहा: तिथेही मराठी कामाला येते. आवडला: मे गुस्तो, जोर शेवटच्या 'तो'वर. आवडायचा: मे गुस्ताबा. आवडेल: मे गुस्तारिया; हॉटेलात काही मागताना हेच सभ्य वाटतं. सरावाला पाच एकवचनी आणि पाच अनेकवचनी नामं एल-लासकट लिहा, प्रत्येक नाम मे, ते, ले, नोस, लेस लावून मोठ्याने म्हणा, मग तेच 'नो' लावून: नो मे गुस्ता. हे बसलं की एन्कांतार (फार आवडणे, याला मूचो जोडत नाहीत) आणि दोलेर (दुखणे) त्याच साच्यात घाला: मे द्वेले ला काबेसा. इथे 'माझं डोकं' म्हणत नाहीत, नुसतं 'ला काबेसा'.

सारंग७: एक जपा. ओळखीच्या माणसाला 'मे गुस्तास' म्हणू नका, त्यात प्रेमाचा अर्थ येतो. माणूस म्हणून आवडतो असं सांगायला 'मे काएस बियेन'.