नकार वेगळा, कुलूप वेगळं

'खेड्यातली माणसं साधी म्हणून सर्वेक्षणाला उत्तरं देतात, शहरातली दारच उघडत नाहीत' हे नेहमी ऐकू येणारं म्हणणं मला निम्मंच पटतं. जळगावातल्या गेटबंद सोसायट्यांत वॉचमनच नकार देऊन मोकळा होतो, हे खरं. पण आमच्याकडे खेड्यात अडचण नकाराची नसते, कुलपाची असते. मी प्रगणक म्हणून, म्हणजे घरोघरी जाऊन सर्वेक्षणाची माहिती भरून घ्यायला, फिरलोय. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी दहाला गल्लीत गेलं की ओट्यावर एखादी म्हातारी, "घरमा कोणी नही, वावरमा गयात." त्याच घरातली बाई संध्याकाळी चूल पेटवता पेटवता सगळी प्रश्नावली भरून देते, वर चहाही पाजते. नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगावकडे तर दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत. तिथे संध्याकाळी जाऊनही काय उपयोग?

आणखी एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशपातळीवर निवडलेल्या स्त्रियांपैकी ९७ टक्क्यांची मुलाखत झाली, पुरुषांपैकी ९२. पुरुष काही जास्त लाजरे नाहीत, घरी सापडत नाहीत इतकंच. त्या सर्वेक्षणात बंद घराऐवजी शेजारचं घर घेता येत नाही, पुन्हा जावंच लागतं. सरकारच्याच राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या अनेक फेऱ्यांत मात्र बदली घर चालायचं. तिथे प्रतिसादाचा आकडा छान दिसतो, पण ऊसतोडीला गेलेलं घर यादीतून गळतं आणि त्याच्या जागी घरी असलेलं येतं. म्हणून नुसती टक्केवारी बघू नका, बदली घरं किती ते आधी विचारा.