विषय: महिला दिनाचं पोस्टर – हुद्दा कोणता? (आज सातच्या आत!)

मंडळी,
लष्करी डॉक्टर पुनीता अरोरांच्या मजकुरात ‘लेफ्टनंट जनरल’ आहे आणि फोटो नौदलाच्या पांढऱ्या गणवेशातला. काय छापू? छपाईवाला थांबणार नाही.
– ताई (स्मरणिका)

ताई, लेफ्टनंट जनरलच. १ सप्टेंबर २००४ ला पुण्याच्या एएफएमसीच्या (सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय) कमांडंट, म्हणजे प्रमुख झाल्या तो हाच हुद्दा, आणि तो मिळवणाऱ्या देशातल्या त्या पहिल्या बाई. नौदलात नंतर गेल्या. फोटो बदला.
– नाना

नाना, फोटो आमच्या समितीनं निवडलाय. गणपतीच्या बॅनरचा घोळ विसरलात वाटतं! नौदलातला हुद्दा ‘सर्जन व्हाइस ॲडमिरल’ पण घाला. तिन्ही दलांची वैद्यकीय सेवा एकच, म्हणून अशी बदली होते.
– सजावटवाली वहिनी

पहिल्या माधुरी कानिटकर ना? आपल्या मराठी!
– बंडू

नाही रे बंडू. कानिटकर २०२० मध्ये, आणि त्या मुलांच्या किडनीच्या डॉक्टर.
– नाना

मग त्यांचंच लावा की. अरोरांचा जन्म लाहोरचा, फाळणीनंतर घर सहारनपूरला. मराठी मंडळाशी संबंध काय?
– खजिनदार

अहो, १९६३ ला एएफएमसीच्या दुसऱ्याच बॅचला आल्या, वानवडीत शिकल्या, तिथंच प्रमुख झाल्या. पुण्याचा संबंध आणखी किती हवा?

आणि हुद्द्यावरून भांडताय, पण त्या स्त्रीरोगतज्ज्ञ होत्या हे मजकुरात कुठंय? लष्करी इस्पितळांत स्त्रीरोगांसाठी दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया आणि कॅन्सरच्या उपचारांची सोय उभी केली, त्याबद्दल सेना मेडल आहे. मे २००२ मध्ये जम्मूजवळ कालूचकला जवानांच्या कुटुंबांवर हल्ला झाला, तिथल्या जखमींसाठी केलेल्या कामाबद्दल विशिष्ट सेवा पदक. आमचे हे सीमेवर होते तेव्हा माझं बाळंतपण मिलिटरी हॉस्पिटलातच झालं. शेजारच्या खाटेवर शिपायाची बायको, पलीकडे मेजरची. फौजेचा दवाखाना म्हणजे फक्त गोळ्या लागलेले जवान, असं इथल्या पोरांना वाटतं.
– काकू

काकू, तुमचा दवाखाना कुठला? आमच्या आत्याचे यजमान पण मिलिटरी हॉस्पिटलात होते.
– बंडू

काकू, दोन्ही पदकं घेते, पण जागा नाही. फोटो लहान करू का?
– ताई

फोटोला हात लावायचा नाही. वेगळं पोस्टर करा.
– सजावटवाली वहिनी

सहा पोस्टरांचेच पैसे मंजूर आहेत. मिनिट्स बघा.
– खजिनदार